चौथ्या आठवड्यात अडलेली केमो: गालाच्या कर्करोगातील दुष्परिणामांचा प्रकरण अभ्यास

रुग्ण ५२ वर्षांचा, मराठवाड्यातला शेतकरी. बरीच वर्षे तंबाखू-चुना, मधली काही वर्षे गुटखा. डाव्या गालाच्या आत, खालच्या हिरडीला लागून गाठ. शस्त्रक्रियेत गाठीसोबत जबड्याचा काही भाग आणि मानेतल्या गाठी काढल्या, छातीवरचा स्नायू वळवून गालाची जागा भरली. तपासणीच्या अहवालात मानेतल्या एका गाठीतला कर्करोग तिच्या आवरणाबाहेर आल्याचे दिसले. म्हणून नुसत्या रेडिएशनवर न थांबता सोबत केमोही ठरली.

हे एकाच माणसाचे प्रकरण नाही. या आजाराच्या उपचारांत पुन्हा पुन्हा जे घडते ते एका रुग्णाच्या वाटचालीत एकत्र मांडले आहे. औषधांच्या मात्रा या वजनाच्या आणि या किडनीच्या रुग्णासाठी आहेत. त्या समजून घेण्यासाठी वाचाव्यात, घरी स्वतःहून वापरण्यासाठी नाही.

उपचाराचा आराखडा असा होता: रेडिएशन रोज २ ग्रे (ग्रे हे त्याच्या मात्रेचे एकक) याप्रमाणे ३० सत्रे, एकूण ६० ग्रे, आठवड्याला पाच दिवस, सहा आठवडे. दर सोमवारी सिस्प्लॅटिन हे केमोचे औषध, शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला ४० मिग्रॅ. सुरुवातीचे वजन ५८ किलो, उंची १६५ सेंमी, म्हणजे पृष्ठभाग साधारण १.६३ चौरस मीटर आणि एका वेळची मात्रा ६५ मिग्रॅ. सहा मात्रा पूर्ण झाल्या तर दर चौरस मीटरमागची बेरीज २४० मिग्रॅ होते. ती किमान २०० पर्यंत तरी जावी असा प्रयत्न असतो. म्हणजे सहापैकी एक मात्रा हुकली तर चालते, दुसरी हुकली की हिशेब बिघडतो. हा आकडा लक्षात ठेवा, चौथ्या आठवड्यात तो महत्त्वाचा ठरतो.

त्याहून महत्त्वाचे आहे लाइट न चुकवणे. रुग्ण रेडिएशनला ‘लाइट’ किंवा ‘शेक’ म्हणतात. डोके-मानेच्या कर्करोगात उपचार जितके दिवस लांबतात, तितकी आजार त्याच जागी आटोक्यात राहण्याची शक्यता घटते. दर वाढीव दिवसामागे ही घट साधारण एक टक्क्याच्या आसपास धरतात. मधल्या सुट्टीत उरलेल्या कर्करोगपेशी वेगाने वाढू लागतात, हे त्यामागचे कारण. तोंड आले, जेवण जाईना, अंगात त्राण नाही म्हणून ‘चार दिवस आराम करू आणि मग जाऊ’ हा घरातल्या माणसांना मायेचा वाटणारा सल्ला प्रत्यक्षात सर्वांत महाग पडतो. दुष्परिणामांवरचा सगळा उपाय एवढ्यासाठीच करायचा असतो की रुग्ण रोज त्या टेबलावर झोपू शकला पाहिजे.

सुरू होण्याआधी

दंतवैद्याने तीन किडलेल्या दाढा काढल्या आणि जखमा भरायला तीन आठवडे दिले. ही पायरी पुष्कळदा घाईत राहून जाते. लाइट मिळालेल्या जबड्याचा रक्तपुरवठा कायमचा कमी होतो आणि नंतर काढलेल्या दाताची जागा भरत नाही, हाड उघडे पडून सडू शकते. काढायचा दात आधीच काढलेला बरा.

तोंड किती उघडते तेही मोजून ठेवले. वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये २८ मिमी. ३५ मिमीच्या खाली गेले तर तोंड आखडले असे धरतात. इथे गुटख्यामुळे गाल आधीच ताठ झाला होता, त्यात शस्त्रक्रियेची भर. क्रिएटिनिन (किडनी मंदावली की रक्तात वाढणारा घटक) ०.९, वय आणि वजन धरून किडनीची गाळण्याची क्षमता मिनिटाला ७९ मिली. सिस्प्लॅटिनसाठी हे पुरेसे होते.

एक वही घालून दिली होती. तारीख, वजन, दिवसभरात पोटात गेलेले पाणी-दूध मिलीमध्ये, लघवी किती वेळा, शौच झाले का, वेदना शून्य ते दहामध्ये किती. पहिले दोन आठवडे ती नीट भरली गेली. तिसऱ्या आठवड्यात पाने कोरी आहेत, आणि नेमकी ती भरलेली असायला हवी होती.

पहिले दोन आठवडे

सिस्प्लॅटिन हे सर्वांत जास्त उलट्या आणणाऱ्या औषधांपैकी एक. उलटी सुरू झाल्यावर गोळी देण्याचा इथे उपयोग नाही, ती सुरूच होऊ द्यायची नसते. केमोच्या आधी पॅलोनोसेट्रॉन ०.२५ मिग्रॅ, फॉसअॅप्रेपिटंट १५० मिग्रॅ आणि डेक्सामेथासोन शिरेतून, आणि त्या रात्रीपासून चार रात्री ओलान्झापिन. ओलान्झापिनची पूर्वीची मात्रा १० मिग्रॅ होती आणि रुग्ण दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पेंगत राहायचे. टाटा मेमोरियलमधल्या अभ्यासात २.५ मिग्रॅ तितकीच उपयोगी ठरली आणि झोपही कमी येते असे दिसले. या रुग्णाला तीच दिली. एकदाही उलटी झाली नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थोडी मळमळ राहिली.

उचकी मात्र लागली, मंगळवारी सुरू होऊन बुधवारी रात्रीपर्यंत. पुरुषांमध्ये डेक्सामेथासोनने असे बरेचदा होते. घरचे घाबरतात, पण बॅक्लोफेनच्या छोट्या मात्रेने ती थांबते. उलटीच्या औषधांनी पोट साफ होत नाही, म्हणून पहिल्या दिवसापासून रात्री पोट साफ होण्याचे औषध.

किडनीसाठी केमोआधी १ लिटर नॉर्मल सलाईन, त्यातच पोटॅशियम आणि मॅग्नेशियम, नंतर तासाभरात सिस्प्लॅटिन, त्यानंतर पुन्हा अर्धा लिटर. सिस्प्लॅटिन किडनीच्या नलिकांना इजा करते आणि मॅग्नेशियम लघवीवाटे वाहून जाते, मॅग्नेशियम कमी पडले की इजा आणखी वाढते. घरी तीन दिवस रोज दोन ते अडीच लिटर द्रव जायला हवे. पहिल्या दोन आठवड्यांत ते गेले. कानात शिट्टी वाजते का, बोटांना मुंग्या येतात का, हे दर सोमवारी विचारले जायचे. कानातला आवाज रुग्ण स्वतःहून सांगत नाहीत, वयामुळे असेल म्हणून सोडून देतात.

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी चहा कडू लागू लागला आणि लाळ घट्ट, तार धरणारी झाली. पुढच्या आठवड्यात तोंड येणार याची ही आगाऊ सूचना होती.

तिसरा आठवडा

लाइटने तोंडाच्या आतली त्वचा झिजते. ती नव्याने तयार करणाऱ्या पेशीच मार खातात, त्यामुळे पहिले दहा-बारा दिवस काहीच दिसत नाही आणि साधारण २० ग्रेच्या सुमारास लालसरपणा, मग फोड आणि पांढरट-पिवळा पापुद्रा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजणीत घन पदार्थ खाता येत असतील तर दुसरी श्रेणी, फक्त पातळ जात असेल तर तिसरी, काहीच जात नसेल तर चौथी. या रुग्णाचा प्रवास सोमवारी दुसऱ्या श्रेणीतून गुरुवारी तिसरीच्या टोकाला.

घरी जे चालले होते ते असे. गुळण्या दिवसातून दोनदाच, त्याही झोंबणाऱ्या, अल्कोहोल असलेल्या तयार माउथवॉशने. जेवण म्हणजे दोन कप चहा आणि वाटीभर पेज. पाणी गिळताना कानापर्यंत कळ जायची म्हणून पाणीही बेतानेच, सगळे मिळून दिवसाला सातशे मिलीच्या आत. पॅरासिटामॉलने भागेना म्हणून पुतण्याने जवळच्या मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणली: डायक्लोफेनॅक, दिवसातून दोनदा, पाच दिवस. गुरुवारी आणि शुक्रवारी रुग्ण लाइटला आलाच नाही.

यातल्या प्रत्येक गोष्टीला घरच्यांच्या दृष्टीने कारण होते. वेदना खरी होती, गोळीने दोन तास बरेही वाटत होते. पण सिस्प्लॅटिन घेतलेली किडनी, त्यात शरीरात पाणी कमी आणि त्यावर डायक्लोफेनॅक, हे तिन्ही एकत्र आले की किडनी बसते. पाणी कमी झाल्यावर किडनी स्वतःचा रक्तपुरवठा टिकवून धरायला जे रसायन वापरते, तेच या जातीच्या गोळ्या बंद पाडतात. आयब्युप्रोफेन, अॅसिक्लोफेनॅक, नेप्रोक्सेन, सगळ्यांची गोष्ट तीच. सिस्प्लॅटिन सुरू असलेल्या प्रत्येक रुग्णाच्या फाइलच्या पहिल्या पानावर ही नावे मोठ्या मराठी अक्षरांत लिहून द्यावीत असे आमचे स्पष्ट मत आहे. तोंडी सांगितलेले त्या गर्दीत लक्षात राहत नाही.

चौथा सोमवार

वजन ५४.२ किलो, म्हणजे सहा टक्क्यांहून अधिक घट. उठून उभे राहिले की चक्कर. लघवी गडद, दिवसातून दोनदा. क्रिएटिनिन १.७. गाळण्याची क्षमता ७९ वरून ३९. मॅग्नेशियम आणि पोटॅशियम दोन्ही कमी.

त्या दिवशीचे पहिले दोन निर्णय: केमो थांबवायची, लाइट थांबवायची नाही. रुग्णाला सलाईन लावलेल्या अवस्थेतच यंत्राखाली नेले. आठवड्यात चुकलेली दोन सत्रे भरून काढण्यासाठी एक सत्र शनिवारी ठेवले आणि एका शुक्रवारी दोन सत्रे दिली, दोहोंत सहा तासांहून जास्त अंतर ठेवून, कारण निरोगी पेशींना दुरुस्तीला तेवढा वेळ लागतो. त्यामुळे उपचार ठरलेल्या दिवशीच संपला.

तिसरा निर्णय नाकातून नळी. ‘नळी’ म्हटले की घरात सन्नाटा पसरतो. नळी म्हणजे शेवट जवळ आला असा समज खोलवर आहे, आणि रुग्ण दोन दिवस नाही म्हणत राहतो. इथे पत्नीने विचारले, ‘नळी घातली की परत तोंडाने खाताच येणार नाही का?’ सिस्टरचे उत्तर सरळ होते: ‘काकू, काकांचं तोंड बरं होईपर्यंतच आहे ही. आणि नळी असली तरी रोज घोट घोट पाणी तोंडानेच प्यायचं, गिळायचं विसरू द्यायचं नाही.’ गिळण्याचे स्नायू काही आठवडे वापरलेच नाहीत तर ताठ होतात, नळी मग खरोखरच सुटत नाही.

चौथा निर्णय वेदनेचा. तिसऱ्या श्रेणीच्या तोंडाला पॅरासिटामॉल पुरत नाही, तिथे मॉर्फिन लागते. नेहमी अशा रुग्णाला ५ ते १० मिग्रॅ दर चार तासांनी देतात. पण मॉर्फिनपासून शरीरात तयार होणारे सक्रिय घटक किडनीवाटे बाहेर पडतात. किडनी मंदावलेली असताना ते साठतात, रुग्ण जास्त पेंगतो, हातपाय दचकल्यासारखे उडतात, श्वास मंदावतो. म्हणून सुरुवात २.५ मिग्रॅ दर सहा तासांनी, रुग्णालयात, नजरेखाली. क्रिएटिनिन उतरल्यावर ५ मिग्रॅ दर चार तासांनी आणि रात्री झोपताना दुप्पट, म्हणजे मध्यरात्री उठवावे लागत नाही. मॉर्फिनसोबत पोट साफ होण्याचे औषध रोज, न चुकता. मळमळ आणि पेंग चार-पाच दिवसांत कमी होते, बद्धकोष्ठ मात्र औषध चालू आहे तोवर राहतेच.

‘मॉर्फिनची सवय लागेल’ ही भीती इथेही निघाली. दुखण्यासाठी, मोजून, वेळेवर दिलेले मॉर्फिन जखम भरल्यावर उतरवत बंद करता येते आणि या रुग्णात तसेच झाले. खरी अडचण मिळण्याची आहे. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना ते ठेवणे सोपे झाले, पण गावच्या मेडिकलमध्ये ते मिळत नाही. म्हणून गावी परतताना पुढच्या तपासणीपर्यंत पुरेल इतका साठा आणि चिठ्ठी सोबत लागते.

पाच दिवसांनी क्रिएटिनिन १.१, क्षमता ६०. पाचव्या आणि सहाव्या सोमवारी केमो दिली गेली. एकूण पाच मात्रा झाल्या, बेरीज बरोबर २००.

नळीतून काय, किती, कसे

गरज: दर किलोला ३० कॅलरी आणि १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने, म्हणजे सुमारे १७५० कॅलरी आणि ७० ते ८७ ग्रॅम प्रथिने, शिवाय एकूण द्रव दोन ते अडीच लिटर. बाजारातली तयार पावडर चांगली असते, पण महिनाभर परवडतेच असे नाही. स्वयंपाकघरातून हे जमते. या रुग्णाचा दिवसाचा हिशेब: गाईचे दूध १ लिटर, साय काढलेल्या दुधाची पावडर ५० ग्रॅम, पूर्ण उकडलेली अंडी २, मुगाची डाळ ७५ ग्रॅम, तांदूळ ५० ग्रॅम, नाचणी सत्त्व ३० ग्रॅम, तेल ३० मिली, साखर ४० ग्रॅम. हे सगळे मिळून सुमारे १९०० कॅलरी आणि ८६ ग्रॅम प्रथिने. डाळ-तांदूळ एकत्र मऊ शिजवून अंड्यासह मिक्सरमध्ये बारीक, तेल त्यातच. दूध, पावडर, साखर आणि शिजवलेले सत्त्व वेगळे. अंडी न खाणाऱ्या घरात दुधाची पावडर आणि डाळ वाढवून तेवढेच प्रथिन भरता येते. साखरेचा आजार असेल तर साखर काढून तेल वाढवायचे. क्रिएटिनिन उतरेपर्यंत प्रथिनाचे आणि पोटॅशियमचे प्रमाण आहारतज्ज्ञ ठरवतात.

पहिल्याच दिवशी सगळे ओतायचे नाही. आठवडाभर जवळजवळ उपाशी असलेल्या शरीरात एकदम भरपूर अन्न गेले तर रक्तातले फॉस्फेट, पोटॅशियम झपाट्याने उतरतात आणि हृदयाची लय बिघडू शकते. म्हणून पहिले दोन दिवस निम्मे, सोबत थायमिन (ब१ जीवनसत्त्व), रोज रक्ततपासणी, आणि चौथ्या दिवशी पूर्ण.

देण्याची रीत पत्नीने दोन दिवसांत आत्मसात केली. रुग्णाला पाठीशी उशा लावून बसते करायचे. नाकपुडीजवळ नळीवर पेनाने केलेली खूण जागेवर आहे का ते बघायचे. हात धुवून ५० मिलीच्या सिरिंजचा दांडा काढायचा, नळीला नुसती पिचकारी जोडायची, आधी ३० मिली उकळून गार केलेले पाणी, मग २०० ते २५० मिली कोमट मिश्रण आपल्या वजनाने उतरू द्यायचे, ढकलायचे नाही, पंधरा-वीस मिनिटे लागू द्यायची. शेवटी पुन्हा ३० मिली पाणी आणि टोपण. त्यानंतर तासभर आडवे व्हायचे नाही. सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत दर दोन तासांनी, आठ वेळा. कमी पडलेले पाणी मधल्या वेळात नळीतूनच. तयार मिश्रण फ्रिजबाहेर चार तासांवर ठेवायचे नाही, उन्हाळ्यात दोन तासांतच वास येतो आणि जुलाब लागतात.

बिघडले ते दोनदा. एकदा शेंगदाण्याचा कूट घातल्याने नळी तुंबली. मिश्रण रव्याच्या नव्हे, पिठाच्या चाळणीतून किंवा मलमलच्या कापडातून गाळायला लागते. तुंबलेल्या नळीत कोमट पाणी भरून दहा-पंधरा मिनिटे थांबायचे आणि हलक्या हाताने मागे-पुढे करायचे. तार घालायची नाही, जोर लावायचा नाही. दुसऱ्यांदा खोकताना नळी चार बोटे बाहेर आली. घरी आत ढकलली असती तर टोक श्वासनलिकेत जाण्याचा धोका होता. खूण सरकली की काहीही न देता रुग्णालय गाठायचे, हे सांगून ठेवले होते आणि ते पाळले गेले. नळीत हवा सोडून पोटावर आवाज ऐकणे ही खात्रीची परीक्षा नाही. पोटातला द्राव खेचून त्याची आम्लता तपासतात, शंका असेल तर एक्स-रे.

गोळ्यांबद्दल एकच: सावकाश विरघळणाऱ्या मॉर्फिनच्या गोळ्या कुटून नळीत घातल्या तर बारा तासांची मात्रा एकदम रक्तात जाते. नळीसाठी साध्या गोळ्या किंवा पातळ औषधच.

तोंड आणि कातडी

गुळण्यांचे पाणी: १ लिटर उकळून गार केलेले पाणी, १ चमचा मीठ, १ चमचा खायचा सोडा. जागेपणी दर दोन तासांनी, रोज ताजे. झोंबले तर मीठ अर्धे. लहान मुलांचा मऊ ब्रश, तोही टोचला तर कापसाची काडी. क्लोरहेक्सिडिनच्या जंतुनाशक गुळण्यांनी असे तोंड येणे टळत नाही. सुन्न करणारे झायलोकेनचे जेल जेवणाआधी लावले तर खाणे सुसह्य होते, पण घसाही सुन्न होतो आणि घास श्वासनलिकेत जाऊ शकतो, म्हणून थोडेच लावायचे आणि गरम काही घ्यायचे नाही.

पाचव्या आठवड्यात वेदना एका रात्रीत वाढली. मॉर्फिन वाढवण्याआधी टॉर्च लावून तोंड बघितले म्हणून बरे झाले. टाळूवर आणि उजव्या गालात, जिथे लाइट कमी पडते तिथेही, पांढरे दह्यासारखे ठिपके होते आणि ते पुसले की निघत होते. लाइटचा पापुद्रा असा सहज निघत नाही. ही बुरशी. फ्लुकोनॅझोल सुरू केल्यावर तीन दिवसांत वेदना पूर्वीच्या पातळीला आली.

मानेची कातडी चौथ्या आठवड्यात काळवंडली, सहाव्या आठवड्यात घडीत सोलून ओली झाली. कोमट पाणी आणि सौम्य साबण, टिपून कोरडे करणे, सुती बिनकॉलरचा सदरा, उन्हात निघताना मऊ पंचा, गळ्यातला गंडा-माळ उतरवून ठेवणे, वस्तरा बंद. हळद, चंदन, बाम, चुना यातले काहीच नाही. ओल्या जागेवर दिलेले मलम सत्र झाल्यावर लावायचे आणि दुसऱ्या दिवशी सत्राआधी धुऊन टाकायचे.

ताप १००.४ च्या वर गेला तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघायची नाही, त्याच रात्री कॅज्युअल्टी. पांढऱ्या पेशी कमी असताना जंतुसंसर्ग काही तासांत रक्तात पसरतो. या रुग्णाला तशी वेळ आली नाही.

तंबाखू सुटलेली होती. पण पत्नी मिश्री लावत होती आणि डबी खोलीतच होती. हा विषय नाजूक असतो आणि रुग्णाच्या फाइलमध्ये त्याची जागा नसते, तरी काढायलाच हवा. सोडणाऱ्यासमोर रोज सकाळी ती डबी उघडली जाते, आणि तिच्या स्वतःच्या तोंडाचा प्रश्न आहेच. तिचीही तोंडाची तपासणी त्याच ओपीडीत झाली.

लाइट संपल्यावर

तिसाव्या सत्रानंतर घरच्यांनी पेढे आणले. पुढच्या आठवड्यात तोंड आणखी आले तेव्हा सगळे हबकले. शेवटच्या सत्रानंतर सात ते दहा दिवस त्रास वाढत राहतो, मग उतार पडतो. केमो सोबत असेल तर जखमा भरायला महिना-दीड महिना लागतो. हे आधी सांगितले नाही तर ‘औषध लागू पडलं नाही’ असा अर्थ निघतो आणि तपासणीला येणे थांबते. या रुग्णाचे सर्वांत कमी वजन, ५३ किलो, लाइट संपल्यानंतरच्या दुसऱ्या आठवड्यातले आहे.

मॉर्फिन तिसऱ्या आठवड्यापासून दर दोन-तीन दिवसांनी साधारण पाव हिश्शाने कमी करत बंद केले. नळी पाचव्या आठवड्यात काढली, तीही सलग आठवडाभर गरजेच्या तीन-चतुर्थांश अन्न तोंडाने जाऊ लागल्यावर आणि वजन स्थिर राहिल्यावर. पहिले जेवण ताकात कुस्करलेली मऊ भाकरी, वरण-भात तूप घालून, नाचणीची आंबील. तिखट चालायला चार महिने लागले. चव हळूहळू परतली. लाळ पूर्ण परतली नाही, उशाशी पाण्याची बाटली कायमची. तोंड ओले ठेवायला काही चघळायचे म्हणून सुपारी घेतली जाते, तंबाखू नाही म्हणून ती निर्धोक असा समज आहे. नुसती सुपारीही कर्करोगकारक आहे, आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ सालीच तसे जाहीर केले.

तोंड उघडणे २८ वरून २२ मिमीवर आले होते. उपाय साधा आहे आणि चिवटपणे करावा लागतो. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या, प्रत्येकी साधारण २ मिमी जाड. मावतील तेवढ्या, इथे अकरा, दाबून दातांमध्ये धरायच्या, अर्धा मिनिट थांबायचे, पाच वेळा, दिवसातून पाचदा. काड्या सैल वाटू लागल्या की मधे एक नवी सरकवायची. ताण जाणवला पाहिजे, कळ नाही. दर महिन्याला पट्टीने मोजून वहीत लिहायचे. सहाव्या महिन्यात पंधरा काड्या, ३० मिमी. तोंड आखडण्याची प्रक्रिया लाइट संपल्यावर कित्येक महिने चालू राहते, म्हणून बरे वाटले की काड्या सोडणाऱ्यांचे तोंड वर्षभराने पुन्हा बंद होते. मानेतल्या गाठी काढताना दुखावलेल्या नसेमुळे डावा खांदा उतरला होता, त्याचे व्यायाम याच वेळी.

मानेवर लाइट मिळालेल्यांची थायरॉइड ग्रंथी हळूहळू मंदावू शकते. थकवा, वजन, थंडी वाजणे हे सगळे ‘केमोची अशक्तता’ म्हणून खपते, म्हणून टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी दर सहा महिन्यांनी. क्रिएटिनिन ०.९ वर परतले नाही, १.१ वर स्थिरावले. दुखण्याच्या गोळ्यांची मनाई त्यामुळे कायम राहिली.

लाळ कमी म्हणून दात झपाट्याने किडतात. रोज फ्लोराइड जेल किंवा फ्लोराइडची पेस्ट, तीन-चार महिन्यांनी दंतवैद्य. आणि कधीही दाढ दुखली तर तालुक्याच्या डॉक्टरकडे खुर्चीत बसण्याआधी सांगायचे, ‘जबड्याला ६० ग्रे लाइट मिळालेली आहे’, सोबत डिस्चार्ज कार्ड दाखवायचे. शक्य असेल तिथे असा दात न काढता मुळाचा उपचार करून ठेवतात. काढावाच लागला तर उपचार केलेल्या केंद्राला आधी विचारून.